आधी डोंगा दिसू द्या!

"गाडीतलं ७७ गिगाहर्ट्झचं रडार काढायचं, होडीच्या नाकावर बसवायचं, थोडं सॉफ्टवेअर लिहायचं, की झाली विनाचालक नौका तयार!" हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा आणि इतक्या छातीठोकपणे कानावर आलंय, की आज शनिवारची दुपारची झोप बाजूला ठेवून त्यावर लिहायला बसलोय. बोलणारे बहुतेक आपल्याच बिरादरीतले, म्हणजे सॉफ्टवेअरवाले. हेतू कुणाचाच वाईट नाही. पण या वाक्यात एकच होडी आहे, आपली. समोरून येणारी होडी त्यात कुठेच नाही. माझं आजचं भांडण त्या समोरच्या होडीसाठी आहे.

आता कुणी म्हणेल, "बर्डीवर राहणाऱ्या माणसाला काहून पाहिजे बाप्पा समुद्राच्या पंचायती?" प्रश्न रास्त आहे. झीरो माइलच्या दगडापाशी उभं राहिलं तर समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. पण मंडळी, पाणी म्हणजे फक्त समुद्र नव्हे. वैनगंगेवर, वर्धेवर, गोसीखुर्दच्या जलाशयात आमच्या ढिवर लोकांचे डोंगे रोज चालतात. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तर खुद्द नागपूर शहराच्या रस्त्यांवर बचावाच्या होड्या फिरल्या. त्यावर पुढे येतोच. आधी थोडी तांत्रिक भाजी निवडून घेऊ.

नावाचा घोळ

"हाय फ्रिक्वेन्सी रडार" हे नाव ऐकलं की दोन वेगळ्या जमातीची माणसं दोन वेगळ्या गोष्टी समजतात. रेडिओवाल्यांच्या भाषेत हाय फ्रिक्वेन्सी म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. म्हणजे तरंगलांबी १० ते १०० मीटर. एवढ्या लांब लहरी समुद्राच्या पृष्ठभागाला धरून क्षितिजापलीकडे जातात, आणि किनाऱ्यावर बसून शे-दोनशे किलोमीटरपर्यंतचे सागरी प्रवाह मोजता येतात. आपल्या देशात गुजरात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमानच्या किनाऱ्यांवर अशी रडारं जोडीजोडीने बसवलेली आहेत. त्यांचा होडी चालवण्याशी थेट संबंध नाही.

होडीवाले स्टार्टअप जेव्हा "हाय फ्रिक्वेन्सी" म्हणतात तेव्हा त्यांना अभिप्रेत असतात २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी. तरंगलांबी अनुक्रमे साडेबारा मिलिमीटर आणि जेमतेम चार मिलिमीटर. जहाजांवर गरगर फिरणारं जे नेहमीचं रडार आपण पाहतो, ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, साधारण ३ किंवा ९.४ गिगाहर्ट्झवर चालतं. तरंगलांबी दहा किंवा सव्वातीन सेंटिमीटर. दहा मीटर, तीन सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर यांना एकच नाव देऊन चर्चा केली की काय होतं? ट्रकबद्दल चालू असलेल्या चर्चेत कुणीतरी सायकलचे आकडे देतं आणि सगळे माना डोलावतात. असो. या लेखात "उच्च वारंवारता" म्हणजे मिलिमीटर लहरींचं रडार, एवढं ठरवून टाकू.

जे चांगलं आहे ते चांगलं

भांडायचं तर समोरच्याचं खरं बळ आधी मान्य करावं. या रडारात बळ आहेच.

पहिलं म्हणजे बारकाई. रडारची दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची क्षमता त्याच्या बँडविड्थवर ठरते. १ गिगाहर्ट्झ बँडविड्थ मिळाली तर एकामागे एक असलेल्या वस्तू १५ सेंटिमीटरच्या फरकाने वेगळ्या दिसू शकतात. जुन्या पद्धतीच्या स्पंद-रडारचा ८० नॅनोसेकंदांचा स्पंद घेतला तर हाच आकडा १२ मीटर होतो. म्हणजे होडी आणि तिच्या मागचा धक्का त्याला एकच ढेकूळ वाटेल. शिवाय स्पंद बाहेर जाईपर्यंत ते अगदी जवळचं काही ऐकूच शकत नाही.

दुसरं, वेग. डॉप्लरचा फरक तरंगलांबीच्या उलट प्रमाणात. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारी वस्तू ९.४ गिगाहर्ट्झला साधारण ६३ हर्ट्झचा फरक दाखवते, तर ७७ ला ५०० च्या वर. बुडणाऱ्या माणसाचा हलणारा हात या रडारला तत्त्वतः दिसू शकतो, हे काही थोडं नाही.

तिसरं, किंमत आणि आकार. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांनी अख्खं ७७ गिगाहर्ट्झचं रडार नखाएवढ्या चिपमध्ये बसवलं. फिरणारा भाग नाही, मोटार नाही. आपल्याकडे २०१५ पासून ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या, कमी पल्ल्याच्या रडारला परवान्यातून सूट आहे. कॉलेजातली पोरंही प्रयोग करू शकतात. उत्तम आहे.

मग बिनसतं कुठे?

रस्ता वेगळा, पाणी वेगळं

हे रडार रस्त्यासाठी घडवलेलं आहे, आणि रस्त्याबद्दलची गृहीतकं त्याच्या हाडीमाशी खिळलेली आहेत. एकेक घेऊ.

पल्ला. गाडीचं चांगलं रडार समोरची मोटार दोनशे मीटरवर पकडतं. मोटार म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, लहरी खणखणीत परत फेकते. लाकडाची किंवा फायबरची होडी तसं करत नाही. रडारच्या गणितात परत येणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. समजा होडी मोटारीच्या शंभरावा भागच लहरी परत फेकते, तर ती दिसण्याचं अंतर शंभराच्या चौथ्या मुळाने भागायचं, म्हणजे साधारण ३.१६ ने. दोनशेचे झाले ६३ मीटर. आपली नौका २० नॉटने चालली असेल तर ती सेकंदाला दहा मीटर कापते. हातात सहा सेकंद. वेग ४० नॉट असेल तर तीन. तीन सेकंदांत सॉफ्टवेअरने ओळखायचं, ठरवायचं, सुकाणू फिरवायचं आणि पाण्याने ते ऐकायचं! पाण्याला ब्रेक नसतात हो.

पाऊस. ७७ गिगाहर्ट्झची लहर चार मिलिमीटरची आणि पावसाचा टपोरा थेंबही तेवढाच. जोराच्या पावसात या लहरी दर किलोमीटरला दहा-वीस डेसिबल गमावतात, आणि थेंब स्वतः त्या परत फेकून पडद्यावर धुकं करतात ते वेगळंच. त्यात रडारच्या झाकणावर पाण्याचा पातळ थर बसला की आणखी घट. समुद्रात याच्यावर मिठाचं पुट चढतं. आता आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक पाहा. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असतानाच, सगळ्या होड्या एकदम समुद्रात उतरतात. ज्या आठवड्यांत रडारची नजर सर्वांत अधू, त्याच आठवड्यांत समुद्रात गर्दी सर्वांत जास्त. हा योगायोग परदेशातल्या थंड, कोरड्या चाचणीत सापडणार नाही.

हेलकावे. गाडीचं रडार उभ्या दिशेने अगदी अरुंद पाहतं, कारण रस्ता सपाट असतो. होडी नाक वर-खाली करते. एका क्षणी रडार आभाळ बघतंय, दुसऱ्या क्षणी पायाखालचं पाणी. समोरचा डोंगा मध्येच कधीतरी चमकून जातो. सॉफ्टवेअरला वाटतं खोटा संकेत असेल, टाका काढून.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, स्थिर वस्तू. हे आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं. गाड्यांच्या क्रूझ कंट्रोलसारख्या यंत्रणांमध्ये रडारला दिसलेल्या स्थिर वस्तूंकडे बहुधा मुद्दाम दुर्लक्ष केलं जातं. नाहीतर प्रत्येक पाटी, प्रत्येक पूल, गटाराचं प्रत्येक लोखंडी झाकण पाहून गाडी ब्रेक मारत बसेल. रस्त्यावर हे चालून जातं. पाण्यावर? जाळं टाकून नांगरलेली होडी स्थिर असते. डोलीच्या जाळ्याचे खुंट स्थिर असतात. जाळ्यावर तरंगणारे प्लास्टिकचे डबे जवळपास स्थिर असतात. म्हणजे मच्छीमार काम करत असतो तेव्हाच तो रडारच्या लेखी "पाटी" किंवा "लाट" असतो.

लाटेचा मुद्दा बर्डीच्या भाषेत सांगतो. दिवाळीच्या आदल्या रविवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर व्हरायटी चौकाच्या बाजूने उभे राहा आणि मोदी नंबर दोनच्या तोंडाशी उभा असलेला आपला मित्र शोधा. तो दिसत नाही कारण तो लहान आहे म्हणून नव्हे. त्याच्याएवढेच, त्याच्याच वेगाने सरकणारे हजारो लोक मध्ये आहेत म्हणून. रडारवाले याला क्लटर म्हणतात. तुम्ही चष्म्याचा नंबर वाढवला तर मित्र स्पष्ट दिसेल, पण गर्दीतला प्रत्येक चेहराही तेवढाच स्पष्ट दिसेल. मिलिमीटर लहरींचं नेमकं तेच होतं. वाऱ्याने उठलेली बारीक लहरसुद्धा आता दिसायला लागते. मित्र ओळखायचा तर डोळ्यापेक्षा डोकं जास्त लागतं, आणि थोडं थांबून पाहावं लागतं.

"मग त्यांनी लावावं ना यंत्र!"

इथपर्यंत आलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. आमच्या टपरीवरच्या एका मित्राच्या शब्दांत: "अबे, मच्छीमारांना ट्रान्सपाँडर सरकार फुकटात देऊन राहिलं ना! लावला की दिसला. तू काहून टेन्शन घेऊन राहिला?"

घेऊन राहिलो, कारण उत्तर अर्धं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची देशभर सुरुवात झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी होड्यांवर ट्रान्सपाँडर. योजना चांगली आहे, जीव वाचवेल. पण तो ट्रान्सपाँडर उपग्रहामार्फत किनाऱ्याशी बोलतो. वादळ आलं, इंजिन बंद पडलं, सीमा ओलांडली जातेय, असे निरोप द्यायला-घ्यायला तो आहे. पलीकडून अंधारात येणाऱ्या विनाचालक नौकेला "अरे इथे मी आहे" असं तो थेट सांगत नाही. ते काम एआयएस नावाच्या यंत्रणेचं. आंतरराष्ट्रीय नियमांनी ती मोठ्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना सक्तीची केली. आपल्याकडे मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर २० मीटरपेक्षा लांब नौकांना ती लागू झाली. त्याहून लहान होड्या बाहेर. आणि गोसीखुर्दच्या डोंग्याला ना हे आहे ना ते.

बरं, समजा सगळ्यांनी लावलं. बॅटरी संपली तर? पोरगा पाण्यात पडला तर? पोहणाऱ्या म्हशीला ट्रान्सपाँडर कोण बांधणार? :)

मुद्दा यंत्राचा नाहीच, जबाबदारीचा आहे. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालचे आहेत. आमच्या धंद्यातल्या कुणी ते वाचल्याचं दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नियम ५ म्हणतो, डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने सतत पहारा ठेवा. नियम ६ सुरक्षित वेग ठरवताना काय लक्षात घ्यायचं ते सांगतो, आणि त्यात स्पष्ट नोंद आहे की लहान नौका आणि तरंगत्या वस्तू रडारला पुरेशा अंतरावर दिसणार नाहीत हे धरून चाला. नियम ७ बजावतो की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अंदाज बांधू नका. नियम १८ नुसार इंजिनावर चालणाऱ्या नौकेने जाळं टाकून मासेमारी करत असलेल्या नौकेच्या वाटेतून दूर राहायचं.

पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की लहान होडी रडारला दिसत नाही. त्यांनी त्यावर "लहान होडीने दिसण्याची सोय करावी" एवढंच म्हणून विषय संपवला नाही. ज्याच्याकडे रडार आहे, त्यालाच वेग कमी करायला सांगितलं. आपण मात्र नवं यंत्र आणतोय आणि ओझं हळूच सर्वांत गरीब माणसाच्या होडीत ठेवतोय. हे मला मान्य नाही.

दिसणं आणि समजणं

आता तिसरं पालुपद: "डेटा वाढला की मॉडेल शिकेल."

१८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केलं. चौकशीत काय निघालं? रडारने आणि लेझरच्या संवेदकाने तिला धडकेच्या साडेपाच सेकंद आधी पाहिलं होतं. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी इतर काही, कधी सायकल ठरवत राहिलं, आणि दर वेळी मत बदललं की आधीचा माग पुसून नव्याने सुरुवात. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या रचनेत धरलेलंच नव्हतं. संवेदक चांगलेच होते. यादीत ती बाई नव्हती.

आता आपल्या पाण्यावरची यादी कोण करणार? त्यात कंटेनर जहाज असेल, बोया असेल, स्पीडबोट असेल, शिडाची नौका असेल. सातपाटीची होडी असेल का? डोलीचे खुंट? थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारा माणूस? ढिवरांचा डोंगा, ज्याचा काठ पाण्याच्या वर वीतभरही नसतो? यातलं काहीही विकतच्या डेटासेटमध्ये आयतं मिळेल या भरवशावर राहू नका. ते गोळा करायला सातपाटीला आणि पवनीला जाऊन, कोळ्यांच्या आणि ढिवरांच्या सोबत बसून, त्यांना मोबदला देऊन काम करावं लागेल. वातानुकूलित खोलीत हे होणे नाही.

कौतुक करू, पण हिशेबही मागू

हे सगळं हवेतलं नाही. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनीअरिंग या कंपनीची "मातंगी" ही स्वयंचलित नौका ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनच्या दिशेने निघाली. साधारण १,५०० किलोमीटरची ही सागरमाला परिक्रमा, आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंहांनी दिल्लीतून तिला झेंडा दाखवला. मराठी मातीतल्या कंपनीने हे करावं याचा मला मनापासून अभिमान आहे. संरक्षणाच्या नौकेचा तपशील गुप्त असणार आणि तो तसाच असावा. पण हेच तंत्रज्ञान उद्या बंदरात, फेरीबोटीत, धरणाच्या जलाशयात येणार. तेव्हा ते नागरी होईल, आणि नागरिकांना हिशेब मागता आला पाहिजे.

मुंबई बंदराचं पाणी किती दाटीचं आहे ते १८ डिसेंबर २०२४ ला दिसलं. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून गेटवेहून घारापुरीला निघालेल्या "नीलकमल" या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जीव गेले. तिथे माणसं सुकाणूवर होती, भर दुपार होती, आणि समोरची बोट सगळ्यांना दिसत होती. ही घटना मी रडारच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरत नाहीये. एवढंच म्हणतोय की यंत्राचा ताबा सुटला की नजर कितीही तीक्ष्ण असो, उपयोग शून्य. त्यामुळे चाचणी कुठे करायची आणि प्रवासी बोटींपासून किती लांब करायची, हा प्रश्न संवेदकांच्या आधी येतो.

परदेशातलंही एक उदाहरण. "मेफ्लॉवर" नावाची स्वयंचलित नौका २०२१ मध्ये इंग्लंडहून अटलांटिक पार करायला निघाली आणि तीनच दिवसांत परतली. रडार, कॅमेरे, कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं ठणठणीत. बिघडलं काय, तर जनरेटरच्या धुराड्याचा एक जोड! २०२२ मध्ये ती पोचली, पण अमेरिकेऐवजी आधी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. पाणी असं माणसाची रग जिरवतं.

बर्डीच्या पाण्यात

आता परत घरी येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेलं, बस बुडाल्या. अंबाझरी लेआउट, शंकरनगर, धरमपेठच्या बाजूला लोक घरांत अडकले. आपत्ती दलांच्या आणि लष्कराच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं.

त्या पहाटेचा विचार करा. अंधार, वीज गेलेली, पाऊस कोसळतोय. कॅमेरा आंधळा. गढूळ पाण्याखाली दुभाजक आहे की उघडं चेंबर आहे की कुणाची मोटारसायकल, ते जवानाला बांबू घालून चाचपडावं लागतं. ते काम रडार करणार नाही, कारण या लहरी पाण्याच्या आत शिरतच नाहीत. पण पाण्याच्या वरचं? खिडकीतून हात हलवणारा माणूस, तीस-चाळीस मीटरवर, होडीचा वेग माणसाच्या चालीएवढा. इथे मात्र मिलिमीटर लहरींचं रडार चपखल बसतं. अंतर कमी असल्यामुळे पावसाची घट सोसते, वेग कमी असल्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. गल्लीच्या दोन्ही भिंतींवरून लहरी आपटून भुतं दिसतील, म्हणजे एका माणसाचे तीन माणूस दिसतील. दिसू देत! बचावाच्या होडीने नसलेल्या माणसाकडे जाऊन पाहणं परवडतं. असलेला माणूस सुटणं परवडत नाही.

गंमत बघा. जिथे हे तंत्र सर्वांत जास्त उपयोगी, तिथे त्याची चर्चा नाही. आणि जिथे ते सर्वांत कच्चं, म्हणजे वेगवान, लांब पल्ल्याच्या, मोकळ्या समुद्रातल्या नौकेवर, तिथे त्याचे व्हिडिओ फिरतात. कारण संथ होडीचा व्हिडिओ कंटाळवाणा असतो.

एक आक्षेप मात्र मला बोचतो आणि तो टाळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यातल्या बाया बुडाल्या. त्या नावेला रडार असतं तर काय फरक पडला असता? काहीच नाही. हवा होता लाइफ जॅकेट, हवा होता पूल. "आधी ते द्या, मग तुमची खेळणी आणा," असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याच बाजूने उभा राहीन. पण स्वयंचलित नौका आपल्या परवानगीसाठी थांबलेल्या नाहीत. त्या येतायत. जी बाई लाइफ जॅकेटशिवाय नदी ओलांडते, तिच्याच वाटेत उद्या ही नौका असणार. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतील.

मागायचं काय?

नुसती टीका करून उठायचं नाही, म्हणून चार साध्या मागण्या.

एक. ज्या विनाचालक नौकेला नागरी पाण्यात यायचंय, तिने लाकडी होडी, फायबरची होडी, डोंगा आणि पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस किती मीटरवर दिसतो, हे कोरड्या दिवशी आणि मुसळधार पावसात, दोन्हीत मोजून जाहीर करावं. जहाजाचा आकडा सांगू नका, तो ऐकून झालाय.

दोन. त्या सर्वांत वाईट आकड्यावरून नौकेचा कमाल वेग ठरावा. ६३ मीटरवर दिसत असेल तर ६३ मीटरच्या आत थांबता किंवा वळता येईल एवढाच वेग. उशीर होतो? होऊ द्या.

तीन. एका रडारवर भिस्त नको. लांबचं पाहायला जहाजी रडार, जवळचं पाहायला मिलिमीटर लहरी, जोडीला उष्णता टिपणारा कॅमेरा आणि कान. आणि दोघांचं एकमत होत नसेल तर नौकेने वेग कमी करायचा. स्थिर वस्तू गाळून टाकणारं सॉफ्टवेअर पाण्यावर चालवायचं नाही.

चार, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चाचणीत काय दिसलं याच्या याद्या सगळेच छापतात. काय दिसलं नाही याची यादी छापा. कुठला डोंगा, किती अंतरावर, कुठल्या हवामानात सुटला. आणि ती यादी मराठीत, मच्छीमार सहकारी संस्थेच्या फळ्यावर लागू द्या. ज्यांचा जीव टांगणीला आहे त्यांना ती वाचण्याचा पहिला हक्क आहे.

हे करायला समुद्र लागत नाही. अंबाझरीचा किंवा गोसीखुर्दचा एक कोपरा, दोन डोंगे, एक पावसाळा आणि ढिवरांच्या सोसायटीशी रीतसर करार, एवढ्यात सुरुवात होते. नागपुरात अभियांत्रिकी कॉलेजं काय कमी आहेत? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच ते रस्ता ओळखणारे रोबो करणाऱ्या पोरांनो, हा घ्या विषय. रडारची चिप मिळते, परवान्याची कटकट नाही, पाणी आहे, पाऊसही आहे. पहिल्या डेमोच्या दिवशी मात्र नवी कोरी स्पीडबोट समोर उभी करू नका. काळा पडलेला, काठोकाठ भरलेला, चाळीस वर्षं वापरातला डोंगा उभा करा, आणि यंत्राला विचारा, दिसतंय का?

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी जरूर भांडावं. फक्त येताना पावसातला आकडा घेऊन या.